ऋणमुक्ति आणि घरची जमाखर्चाची वही

ज्युबिली म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पताका, तोरणें, बँडबाजा, समारंभाची मिस्सा आणि त्यामागून येणारें प्रीतिभोजन उभें राहतें. आनंदाच्या प्रसंगीं हें सर्व योग्यच आहे. परंतु पवित्र शास्त्रांत हा शब्द आला तो कर्जांत बुडालेल्या गरीब माणसाच्या कैवाराकरितां, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वराची अशी आज्ञा आहे कीं, दर पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. शिंगाचा नाद सर्व देशभर घुमवावा. दारिद्र्यामुळें ज्यानें वाडवडिलांचें शेत विकलें असेल त्याचें शेत त्याजकडे परत जावें, आणि ज्यानें पोटासाठीं स्वतःलाच दुसऱ्याच्या चाकरींत विकलें असेल त्यानें मुलांबाळांसह आपल्या कुळांत परत यावें. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत तर दर सातव्या वर्षीं कर्जाची सूट सांगितली आहे. सारांश, ज्युबिली आणि ऋणमुक्ति या एकाच घरांत जन्मलेल्या बहिणी होत. म्हणून आपल्या देवळाच्या भिंती, वेदी व घंटा यांच्या इतिहासाबरोबर गरिबाच्या घरांतील कर्जाचा, आणि त्यांतून सुटण्यासाठीं ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या खटपटींचा इतिहासही या स्मरणिकेंत थोडक्यांत सांगावा, असें वाटतें.

कर्ज म्हणजे केवळ पैशाची गोष्ट नव्हे, हें जुन्या करारानें पुरतें ओळखिलें होतें. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत केलें पाहिजे, आणि कोणाचें जातें गहाण घेतां कामा नये, असे तेथें नियम आहेत. जें गेलें असतां घराची ऊब किंवा घराची भाकरीच जाईल त्याला धनकोनें हात लावूं नये, हा त्यांतील आशय. राजांच्या दुसऱ्या ग्रंथांत अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आहे, ती तर या विषयांत जणूं गुरुमंत्रच होय. एका विधवेचे दोन मुलगे सावकार गुलाम म्हणून नेण्यास आला होता. ती रडत संदेष्ट्याकडे गेली, तेव्हां त्यानें तिला प्रश्न विचारिला तो हा, कीं घरांत काय आहे? घरांत तेलाची एक कुपी होती. मग त्यानें तिला शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणण्यास सांगितलें. देवाच्या कृपेनें तीं सर्व भांडीं तेलानें भरलीं, तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तेल विकून आधीं कर्ज फेड, आणि जें उरेल त्यावर मुलांसह निर्वाह कर. घरांत काय आहे तें पाहणें, शेजाऱ्यांचें साहाय्य घेणें, आणि आधीं देणें देऊन उरलेल्यांत संसार करणें, अशा या तीन पायऱ्या आहेत. पुढील दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला तर ज्या ज्या वेळीं यांतील एखादी पायरी सुटली, त्या त्या वेळीं ऋणको पुन्हा खालीं घसरला, असेंच आढळून येतें.

ख्रिस्तसभेनें व्याजखाऊपणाचा निषेध आरंभापासून केला. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनें असें ठरविलें कीं, उघड व्याजबट्टा करणारास पवित्र ख्रिस्तशरीर देऊं नये, व तो त्याच पापांत मेला तर त्यास ख्रिस्ती दफनविधि लाभूं नये. परंतु निषेधानें गरिबाची नड भागत नाहीं. पेरणीस बीं पाहिजे, आजाऱ्यास औषध पाहिजे. आणि उघड दार बंद झालें म्हणजे नडलेला मनुष्य मागच्या दारानें जातो. ही अडचण ओळखून १४६२ सालीं इटलींतील पेरुजिया नगरींत फ्रान्सिस्कन संन्याशांच्या उपदेशानें एक नवी संस्था निघाली. तिचें नांव ‘मोन्ते दि पिएता’, म्हणजे दयेची रास. नगरांतील धनिकांच्या देणग्या व ठेवी एकत्र करून तिचें भांडवल केलें जाई, आणि गरिबास एखादी वस्तु गहाण ठेवून घेऊन लहानशी रक्कम दिली जाई. मुदतींत वस्तु सुटली नाहीं तर तिचा लिलांव होई. पण मुद्दल व खर्च वजा जातां जें उरेल तें धन्यास परत मिळे. सावकाराच्या दुकानांत ही शेवटची गोष्ट कधीं घडत नसे.

या दयेच्या राशीवरही मोठा वाद माजला. राखणदार, कारकून, जागेचें भाडें यांचा खर्च कोठून भागवावा? ऋणकोकडून थोडें व्याज घ्यावें तर तेंही पापच, असें कित्येक विद्वानांचें म्हणणें होतें. उलट फेल्त्रेचे धन्य बर्नार्दिनो हे फ्रान्सिस्कन उपदेशक गांवोगांव फिरून सांगत कीं, खर्चापुरतें अल्प व्याज न घेतलें तर संस्थाच बुडेल, आणि गरीब पुन्हा सावकाराच्या उंबऱ्यावर जाईल. अखेर १५१५ सालीं पांचव्या लॅटरन परिषदेंत पोप दहावे लिओ यांनीं निर्णय दिला कीं, केवळ खर्च भागविण्यापुरती रक्कम घेणें हा व्याजखाऊपणा नव्हे. दयेलाही जमाखर्चाची वही ठेवावी लागते, हा या वादांतून निघालेला धडा आहे. आणि तो आपल्या घरांसही लागू आहे.

तथापि या संस्थेंत एक उणीव राहिली. ज्याच्यापाशीं गहाण ठेवण्यास कांहींच नाहीं, त्याला तेथेंही दार नव्हतें. ही उणीव भरून काढणारा मनुष्य जर्मनींत निघाला. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन (१८१८–१८८८) हा ऱ्हाइन प्रांतांतील लहान खेड्यांचा मुख्याधिकारी होता. पंथानें तो प्रॉटेस्टंट होता; पण त्याच्या कार्याचा लाभ पुढें कॅथलिक खेड्यांनींही तितकाच घेतला. १८४६–४७ च्या दुष्काळी हिंवाळ्यांत त्यानें सधन लोकांकडून पैसे जमवून गरिबांस उधारीवर भाकरी पुरविली. पुढें दुसऱ्या गांवीं शेतकऱ्यांस गुरें घेतां यावींत म्हणून त्यानें अशीच मंडळी काढिली. प्रत्येक वेळीं आरंभ उत्साहाचा होई. परंतु देणारे एका बाजूस आणि घेणारे दुसऱ्या बाजूस, अशी स्थिति असल्यामुळें देणाऱ्यांचा उत्साह ओसरला कीं संस्थाही ओसरे. म्हणून १८६४ सालीं हेड्डेस्डोर्फ येथें त्यानें निराळी व्यवस्था केली. ज्याला कर्ज पाहिजे त्यानें आधीं सभासद झालें पाहिजे, आणि सर्वांच्या कर्जाला सर्व सभासद जबाबदार. क्षेत्र मात्र लहान. एका गांवापुरतें किंवा एका धर्मग्रामापुरतें.

ही व्यवस्था यशस्वी कां झाली, हें समजून घेण्यासारखें आहे. गांवांत कोण कष्टाळू, कोण दारूबाज, कोणाची गाय खरोखर मेली आणि कोण नुसती सबब सांगतो, हें शेजाऱ्यास जितकें ठाऊक असतें तितकें शहरांतील कोणत्याही पेढीस नसतें. कर्ज कशासाठीं पाहिजे तें आधीं सांगावें लागे, व त्याच कामीं तें लागलें कीं नाहीं हें पाहिलें जाई. म्हणजे ज्या गरिबापाशीं सोनें नव्हतें, त्याची अब्रू हेंच त्याचें तारण झालें. सावकाराचें कर्ज अंधारांत वाढतें. येथें तें चार ओळखीच्या माणसांच्या नजरेखालीं आलें, आणि नजरेखालीं आलेलें कर्ज आटोक्यांत राहतें.

१८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांचें ‘रेरुम नोव्हारुम’ हें परिपत्रक प्रसिद्ध झालें. त्यांत कामकऱ्यांच्या हलाखीचें वर्णन करितांना त्यांनीं अधाशी व्याजखोरीवरही बोट ठेविलें, आणि कामकऱ्यानें काटकसरीनें थोडें शिल्लक टाकून स्वतःची लहानशी मालमत्ता करावी, असें प्रतिपादिलें. त्याच सुमारास इटलींतील धर्मगुरूंनीं खेडोपाडीं ग्रामीण पतपेढ्या काढण्यास आरंभ केला. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत आल्फोन्स देजार्दें हे कॅथलिक गृहस्थ लोकसभेंत लघुलेखकाचें काम करीत. १८९७ सालीं एका सभासदाच्या भाषणांत त्यांनीं ऐकिलें कीं, मॉन्ट्रियलच्या एका माणसाला १५० डॉलरांच्या कर्जापायीं ५,००० डॉलर व्याज भरण्याची पाळी आली. तें त्यांच्या मनाला लागलें. ६ डिसेंबर १९०० रोजीं लेव्ही या आपल्या गांवीं त्यांनीं लोकांची पतपेढी स्थापिली. तिची पहिली ठेव दहा सेंटांची होती. पेढीचें काम कित्येक वर्षें त्यांच्या राहत्या घरांतच चाले, आणि ते नोकरीनिमित्त राजधानींत असतांना त्यांच्या पत्नी दोरिमेन या मुलांबाळांचा संसार संभाळून पेढीच्या वह्या लिहीत. ज्या हातांनीं घरचा हिशेब राखला त्याच हातांनीं गांवाचाही राखला, ही गोष्ट आपल्या माताभगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

आतां आपल्या देशाकडे वळूं. युरोपांत हे प्रयोग चालू असतांना महाराष्ट्रांतील शेतकरी खतांच्या जाळ्यांत गुरफटला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास सोन्याचा भाव आला. सावकारांनीं हात सैल सोडिले. आणि युद्ध संपून भाव कोसळतांच वसुलीचा फास आवळला. त्यांतच सरकारी सारा वाढला. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक उठले, आणि दंग्याचें लोण अहमदनगर जिल्ह्यांतही पसरलें. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता; खतें मिळवून तीं जाळून टाकावींत, हाच त्यांचा हेतु होता. परंतु कागद जळाला म्हणून गरज जळत नाहीं. १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यामुळें न्यायालयांत कुळाला थोडा आधार मिळाला. पण पुढल्या पेरणीस पैसे कोठून आणावेत, या प्रश्नाचें उत्तर कायद्यापाशीं नव्हतें.

हें जाळें कसें विणलें जाई तें पाहा. आषाढांत एक मण भात उचलिलें तर सवाईच्या कराराप्रमाणें सुगीस सव्वा मण, आणि दिढीच्या कराराप्रमाणें दीड मण परत करावें लागे. रोख पैशास ‘रुपयाला महिना एक आणा’ हा दर ऐकावयास सोपा वाटतो. पण हिशेब केला तर तो दर सालीं शेंकडा ७५ होतो, आणि व्याज दरमहा मुद्दलांत मिळवीत गेलें तर शंभराचे वर्षाअखेर २०७ होतात. सावकाराचें बळ त्याच्या लाठींत नसून ऋणकोला हा हिशेब येत नव्हता यांत होतें. मुदत भरली कीं जुनें खत फाडून व्याजासकट नवें खत होई, आणि अंगठा उठविणारा समजे कीं आपलें एक कर्ज फिटलें.

१८९५ ते १८९७ या काळांत मद्रास इलाख्यांतील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनीं युरोपांतील पतपेढ्यांचा अभ्यास करून विस्तृत अहवाल लिहिला, आणि त्याचा सारा निष्कर्ष राइफायझेनच्या मार्गाकडे होता. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. या कायद्याचा लाभ आपल्या धर्मगुरूंनीं त्वरित घेतला. छोटानागपुरांत मुंडा व उरांव लोकांच्या जमिनी कर्जापायीं हातच्या जात होत्या. तेथें येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू फादर योहान बाप्तिस्त हॉफमन यांनीं १९०९ सालीं रांचीस कॅथलिक सहकारी पतपेढी स्थापिली. आणि आपल्या वसई प्रांतांत १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथलिक लोकांची सहकारी पतपेढी निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक हें तिचेंच वाढलेलें रूप होय. तें वर्ष साधें नव्हतें. महायुद्धामुळें महागाई झाली होती. त्याच वर्षीं पावसानें दगा दिला, आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची सांथ आली. अशा काळांत गरिबानें आपली गांठ सोडून चार आणे पेढींत ठेवणें ही श्रद्धेचीच गोष्ट होती.

वसईच्या आपल्या लोकांस ही काटकसर परकी नव्हती. आगोटीपूर्वीं घरोघर पावसाळ्याची बेगमी होई. तांदूळ, मसाला, कांदे, सुकी मासळी आणि कोरडें सरपण हीं सर्व मृग लागण्यापूर्वीं माळ्यावर चढलीं पाहिजेत, हें घरच्या आजीस कोणी शिकवावें लागत नसे. चार महिने समुद्र बंद राहील, शेतांतून पैसा येणार नाहीं, हें तिला ठाऊक असे. आणि त्या चार महिन्यांचें पोट ती आठ महिन्यांच्या कमाईंतून मुठीमुठीनें बाजूस काढी. पतपेढीनें नवीन तें एवढेंच सांगितलें कीं, जी बेगमी धान्याची करितां तीच पैशाचीही करा. आजारपण, बाळंतपण, लग्न, मर्तिक आणि मुलांची शाळा हे संसारांतले पावसाळेच आहेत. ते येणार हें निश्चित. दिवस मात्र अनिश्चित.

तथापि या चळवळींत सर्व गोड झालें असें म्हणणें सत्याला सोडून होईल. ठिकठिकाणच्या पतपेढ्या बुडाल्या, आणि त्यांचें एक मोठें कारण भीड हें होतें. शेजाऱ्याला नाहीं कसें म्हणावें म्हणून जामीन राहावयाचें, आणि थकबाकीदाराला वाईट कसें वाटूं द्यावें म्हणून तगादा करावयाचा नाहीं. अशा रीतीनें एकाची भीड दहांच्या घरांवर येऊन पडे. बेन सिराकच्या ग्रंथांतील एकोणतिसाव्या अध्यायांत या दोन्ही बाजू तोलून सांगितल्या आहेत. सज्जन शेजाऱ्यासाठीं जामीन राहतो, असें तो ज्ञानी पुरुष म्हणतो, आणि जामीनकीनें पुष्कळ चांगलीं घरें धुळीस मिळालीं, हेंही लागलीच सांगतो; शेवटीं त्याचा निवाडा असा कीं, शेजाऱ्यास आपल्या ऐपतीप्रमाणें साहाय्य करावें, पण आपण पडूं नये म्हणून जपावें. पहिल्या सहकारी कायद्याला जवळजवळ अर्धें शतक होऊन गेल्यावर, १९५१–५२ सालीं, रिझर्व्ह बँकेनें देशांतील ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, शेतकऱ्यानें काढिलेल्या एकंदर कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून आलेलें कर्ज शेंकडा ३·१ एवढेंच होतें. पेढी गांवांत असून भागत नाहीं; ती घरांत शिरली पाहिजे, हाच या आंकड्याचा बोध आहे.

घरांत शिरण्याची तिची वाट म्हणजे घरची जमाखर्चाची वही. पुष्कळ लोक म्हणतात, ‘उत्पन्नच तुटपुंजें, त्याचा हिशेब तो काय ठेवावयाचा?’ खरें पाहतां हिशेबाची गरज तुटपुंज्या उत्पन्नासच अधिक आहे; भरल्या विहिरीचें पाणी कोणी मोजीत नाहीं, आटत्या विहिरीचें मोजावें लागतें. वहीच्या एका पानावर महिन्याची आवक लिहावी. दुसऱ्यावर प्रथम देणें लिहावें. प्रत्येक कर्ज कोणाचें, मुद्दल किती, व्याजाचा दर काय, हें स्वच्छ मांडावें, आणि ज्याचें व्याज जबर तें आधीं फेडावें. मग धान्य, भाडें, वीज, शाळा व औषध. नंतर थोडी कां होईना, पण बेगमी. आणि या सर्वांतून उरेल त्यांत हौस. एक लहानसें उदाहरण घेऊं. नाताळ, देवळाचा सण आणि घरांतील एखादा संस्कार मिळून एखाद्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च २४,००० रुपये होतो असें धरिलें, तर दरमहा २,००० बाजूस टाकिल्यानें तो भागतो. तोच खर्च दरमहा शेंकडा ३ व्याजानें पैसे उचलून केला आणि बारा समान हप्त्यांनीं फेडिला, तर दर हप्ता सुमारें २,४११ रुपयांचा पडतो, आणि वर्षाअखेर सुमारें ४,९०० रुपये निव्वळ व्याजाचे जातात. ऋण काढून सण, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केली नाहीं. ज्या प्रभूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यांत झाला, त्याच्या जन्माचा सण कर्जाच्या पैशानें साजरा केल्यास त्याला अधिक आनंद होईल, असें कोणीही समजूं नये.

हल्लींचा सावकार ओट्यावर गादी टाकून बसत नाहीं. तो हातांतील मोबाइलच्या पडद्यावर बसतो, गोड शब्दांत बोलावितो, आणि कागदावर अंगठा न घेतां पडद्यावर घेतो. परंतु त्याचीं शस्त्रें जुनींच आहेत. ऋणकोला दर समजूं नये, एक कर्ज दुसऱ्या कर्जानें फेडलें जावें, आणि घरांत कोणाला कांहीं कळूं नये, एवढीच त्याची इच्छा असते. पतीनें पत्नीपासून, मुलानें आईबापांपासून लपविलेलें कर्ज हें घराच्या पायाखालीं लागलेल्या वाळवीसारखें आहे. वरून भिंत रंगविलेली दिसते, आणि एके दिवशीं हात लावतांच कोसळते. कर्ज होणें हें पाप नव्हे. आजारपण व बेकारी कोणाच्या दारीं येत नाहीं? पण लाजेनें तें झांकून ठेवल्यास तें वाढतें. म्हणून ज्याच्या घरीं असा भार असेल त्यानें आज रात्रींच्या रोझरीनंतर तो घरच्या माणसांपुढें मांडावा, आणि नंतर धर्मगुरू किंवा पेढींतील जाणत्या माणसापाशीं जाऊन विचार घ्यावा. आणि ज्याच्यापाशीं असा शेजारी येईल त्यानें त्याची गोष्ट चव्हाट्यावर न नेतां, रिकामें भांडें उसनें देणाऱ्या त्या शेजाऱ्यांप्रमाणें आपल्या शक्तीप्रमाणें हात द्यावा.

बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अंदाज करीत नाहीं काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतः लोकसमुदायास केला आहे. आपल्या वाडवडिलांनीं हें देऊळ बांधतांना तो अंदाज केला, थोडथोडें जमविलें, आणि काम शेवटास नेलें. त्यांच्या त्या सावधपणाचें फळ म्हणून आज आपण ही ज्युबिली साजरी करीत आहों. तीच सावधगिरी आपल्या प्रत्येकाच्या संसारांत उतरो. धर्मग्रामांतील कोणतेंही घर कर्जाच्या चिंतेनें रात्रीं जागें न राहो. आणि पुढील ज्युबिलीस जीं मुलें या वेदीपुढें उभीं राहतील त्यांच्या वांट्यास आपलें ऋण न येतां आपली श्रद्धा व आपली काटकसर येवो, हीच त्या दयाघन पित्याचे चरणीं नम्र प्रार्थना.